एकाच टाउनशिपमध्ये घर विकलं पण आणि घेतलं पण, दोन्हीला एजंट एकच

आधीच सांगतो, विकायला पाचपैकी साडेचार स्टार आणि घ्यायला अडीच, आणि माणूस तोच आहे. नाव टाकत नाही कारण रोज संध्याकाळी वॉकला समोर येतो.

आमचं जुनं घर दोन मजली, आईचे गुडघे गेल्यावर जिना नको झाला म्हणून तीन गल्ल्या सोडून बैठं घर घ्यायचं ठरलं. हा एजंट फक्त आमच्याच टाउनशिपमधली रिसेलची घरं करतो आणि राहतो पण इथेच.

आता विकण्याचं ऐका. आमचा लेआउट रॅडबर्न टाइपचा आहे, म्हणजे घराचं तोंड मधल्या बागेकडे आणि गाड्या येतात त्या मागच्या बंद गल्लीत. 1929 साली अमेरिकेत न्यू जर्सीला रॅडबर्न नावाची वसाहत सुरू झाली, तिथून हे नाव आलं, पोरांनी गाड्यांचा रस्ता न ओलांडता बागेबागेतून शाळेत जावं अशी ती आयडिया. राहायला मस्त, विकायला बेकार. कारण घर बघायला येणारी पार्टी गाडीने येते, मागच्या गल्लीत उतरते आणि पहिलं दर्शन काय तर कचऱ्याचे डबे, वाळत घातलेले कपडे आणि किचनचं दार. आधी आम्ही स्वतः जाहिरात टाकून दीड महिना प्रयत्न केला, अकरा पार्ट्या आल्या, एक पण दुसऱ्यांदा फिरकली नाही.

ह्याने काय केलं तर सगळ्यांना क्लबहाउसपाशी गाडी लावायला सांगितली आणि तिथून बागेच्या पायवाटेने चालत आणलं. चार मिनिटांची वाट, पण तेवढ्यात मोठी झालेली झाडं दिसतात, सायकल शिकणारी पोरं दिसतात, आणि मग समोर आमचं खरं पुढचं दार, जे आम्ही इतकी वर्षं वापरलंच नव्हतं, कडी गंजून घट्ट बसली होती. त्याने खिशातून छोटी बाटली काढून स्वतः तेल सोडलं आणि पाच-सहा वेळा उघडझाप करून बघितली. तिसऱ्याच पार्टीने टोकन दिलं. कमिशन मला तिथेच वसूल वाटलं.

अजून एक, तेव्हा बिल्डरचा नवीन फेज चालू होता, आणि नवं कोरं घर समोर असताना जुनं कोण घेणार ह्या टेन्शनमध्ये मी रेट पाडायला निघालो होतो. तो म्हणाला, "थांबा, त्यांच्याकडे सँपल घर आहे, तुमच्याकडे शेजारी आहेत." आणि खरंच शेजारच्या काकूंना तो प्रत्येक व्हिजिटला सहज म्हणून बाहेर बोलवायचा. असोसिएशनचं थकबाकी नसल्याचं पत्र, नियमावली, मेंटेनन्सच्या पावत्या, सगळी फाइल त्याने पार्टी यायच्या आधीच तयार ठेवली होती, नाहीतर इथे त्या एका पत्रासाठी सौदे लटकतात.

आणि हाच माणूस घ्यायच्या वेळेला एकदम गप्प. कारण विकणारा पण त्याचाच क्लायंट, हे आम्हाला टोकन दिल्यावर कळलं. चूक आमचीच, आधी विचारायला हवं होतं की बाबा तू नक्की कोणाच्या बाजूने. घराच्या पुढे "नियोजित तलाव" आहे असं मास्टर प्लॅनवर बोट ठेवून सांगत होता. नियोजित म्हणजे काय ते आता मला समजतं, खुद्द रॅडबर्न सुरू झालं आणि लगेच महामंदी आली, ठरलेल्यातला थोडासाच भाग बांधून झाला. कागदावरच्या निळ्या रंगासाठी जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत, एवढं बायकोने तिथेच ऐकवलं.

असोसिएशनच्या मागच्या तीन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स पण आम्हीच मागून घेतली, तो म्हणत होता त्यात काही नसतं. होतं ना! आतले रस्ते नव्याने करायचं काम दोन वर्षं पुढे ढकललेलं आणि रिझर्व्ह फंडात त्याच्या निम्मे पण पैसे नाहीत, म्हणजे उरलेले प्रत्येक घराकडून वेगळे मागणार हे उघड आहे. ते पान दाखवून आम्ही रेट खाली आणला, तेव्हा ह्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नुसता महिन्याचा मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूष होऊ नका रे, कधीकधी तो कमी असतो कारण फंडात कोणी काही टाकतच नाही.

पण एक गोष्ट आमच्या पण नजरेतून सुटलीच. राहायला आलो, खोके अजून बांधलेलेच होते, आणि पहिल्याच आठवड्यात असोसिएशनची नोटीस आमच्या नावाने. बागेच्या बाजूची शेड आधीच्या मालकाने परवानगी न घेता टाकलेली, तीस दिवसांत काढा नाहीतर दंड. थकबाकी नसल्याच्या पत्रात फक्त पैशांचं असतं, नियम मोडल्याचं त्यात काही लिहून येत नाही, ते वेगळं मागायला लागतं. शेड कशी दिसते म्हणाल तर भडक हिरवी, अख्ख्या बागेतून दिसते. एजंटला फोन केला तर म्हणाला, "अहो मला वाटलं तुम्हाला माहितीये, मी तर रोज बघतो ती."