ईएसआयचा माझा अनुभव: 5 पैकी 4 स्टार, आणि केस पेपरवरची ती एक ओळ

पगाराच्या स्लिपवर 120 रुपये ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, म्हणून कापलेले दिसायचे तेव्हा मी पण तुमच्यासारखाच वैतागायचो, म्हणायचो फुकट जातात. 16,000 पगार, त्याचे 0.75 टक्के आपले आणि 3.25 टक्के मालकाचे. आता लिहितोय ते अर्ध्याच राहिलेल्या बोटाने टाइप करून, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

2022 साली गोव्यात फोंड्याकडच्या एका फॅक्टरीत मी कॉन्ट्रॅक्टरकडून पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होतो. हात आत जाऊ नये म्हणून असतो तो गार्ड काढून बाजूला ठेवलेला, कारण गार्ड लावला की पीस कमी निघतात. क्लच झिजलेला, आठवडाभर सांगत होतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ऑर्डरची घाई होती, मी पॅडलवरचा पाय काढला, पीस उचलायला हात आत घातला आणि प्रेसने डबल मारला, पाय काढलेला असताना परत खाली आला. उजव्या हाताची तर्जनी, दोन पेरं गेली.

गाडीतून नेताना सुपरवायझर सारखा सांगत होता, बाबा, घरी कोयत्याने लागलं म्हणून सांग, खर्चाचं आम्ही बघतो. मी हो म्हणालो पण होतो, दुखण्यात माणूस कशालाही हो म्हणतो. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीण बाईंनी कापड सोडून बघितलं आणि म्हणाल्या, हे कोयत्याचं नाही, चेंगरलंय, खरं काय ते सांगा. मी सांगितलं. त्यांनी केस पेपरवर लिहिलं, कामावर पॉवर प्रेसमध्ये हात सापडला. पुढचं सगळं त्या एका ओळीवर झालं.

कारण फरक बघा. घरी लागलं असं लिहिलं असतं तर आजारपणाचे पैसे मिळाले असते, पगाराच्या 70 टक्के, ते पण वर्षात 91 दिवसच, आणि बोटाचे काहीच नाही. कामावरची इजा असली की डॉक्टर जेवढे दिवस काम करायला नको म्हणतील तेवढे दिवस 90 टक्के. त्याला आधी किती महिने पैसे भरले ही अट नाही, कामाला लागून एक दिवस झालेला असला तरी चालतं. आणि हे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही. मी कॉन्ट्रॅक्टवर म्हणून मला वाटलं आपलं काय होणार, पण कॉन्ट्रॅक्टरने भरले नाहीत तरी जबाबदारी मूळ कंपनीची असते. ॲक्सिडेंट रिपोर्ट भरायला कॉन्ट्रॅक्टरने टाळाटाळ केली, मी केस पेपरची झेरॉक्स घेऊन तीनदा जाऊन बसलो तेव्हा भरला.

औषधं, ऑपरेशन, फिजिओ, खिशातून काही गेलं नाही. मग मेडिकल बोर्डासमोर गेलो, कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते हे डॉक्टर ठरवतात. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे 11 टक्के, पूर्ण बोट 14, अंगठा 30. त्या 11 टक्क्यांचं मला महिन्याला दीड हजाराच्या वर येतं, जन्मभर, परत कामाला लागलो तरी.

एक स्टार कापला तो या तक्त्यासाठी. उजवं बोट काय, डावं काय, त्याला एकच. त्या वर्षी चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळांची टांगतात ती चौकट, बांधायला उभा राहिलो आणि सुतळीची गाठ मारता येईना, शेवटी बायकोने स्टुलावर चढून बांधली, मी खाली सुपाऱ्यांचा घड धरून उभा. शर्टाचं वरचं बटण लावायला सहा महिने गेले. हे 11 टक्क्यांत कुठे बसतं ते मला कोणीतरी सांगा.

बाकी जे प्रेसवर, कटिंगवर, मिक्सरवर आहेत त्यांनी एवढं करा, कार्डाचा नंबर आजच मागून घ्या आणि कामावर लागलं तर पहिल्याच डॉक्टरला खरं सांगून त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवा.

माझ्या प्रेसवर आता पेडण्याचा एक मुलगा बसतो, वीस वर्षांचा असेल. गार्ड लावलाय. काल त्याला विचारलं, कार्ड आलं काय रे? म्हणाला, कापतात दर महिन्याला, पण नंबर अजून दिला नाही. सोमवारी त्याला घेऊन ऑफिसात जाणार आहे.