ठेवा, दाबा की आवळा: लाकडी ठोकळे, लेगो आणि मेकॅनो

मुलासाठी काहीतरी ‘बांधायचं’ खेळणं घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी खोक्यावरच्या वयाच्या आकड्यापाशी अडते. तो आकडा निरुपयोगी नाही. तुकडा गिळण्याइतका लहान आहे का आणि चिमुकल्या बोटांना झेपेल का, एवढं तो सांगतो. पण ते खेळणं वर्षभराने माळ्यावर जाणार की जमिनीवरच राहणार, हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते ते ठरतं जोडावरून. लाकडी ठोकळा दुसऱ्यावर नुसता ठेवायचा असतो, लेगोचा तुकडा दाबून बसवायचा असतो आणि मेकॅनोची पट्टी नट-बोल्टने आवळायची असते. काय बांधता येतं, ते किती वेळ टिकतं, मोडताना हसू येतं की रडू, हे सगळे फरक त्या एका गोष्टीतून निघतात.

तिघांत थोरले ठोकळे. इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्येच फाशांवर अक्षरं चिकटवून मुलांना खेळता खेळता वाचायला शिकवण्याची कल्पना मांडली होती. त्याच्या लेखी अक्षर महत्त्वाचं. ठोकळा म्हणजे अक्षर चिकटवायची जागा. खुद्द ठोकळ्याला मान दिला तो जर्मनीच्या फ्रीडरिश फ्रोबेलने. ‘किंडरगार्टन’ हे नाव १८४० मध्ये देणारा तो हाच. त्याने मुलांसाठी एकामागून एक द्यायच्या ‘भेटी’ तयार केल्या. त्यांतली तिसरी म्हणजे दोन इंची लाकडी घन, जो सुटा केला की एकेक इंचाचे आठ घन होतात. खुर्ची, जिना, विहीर, जे काही करायचं ते या आठांतच. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट लहानपणी फ्रोबेलच्या ठोकळ्यांशी खेळला होता आणि ते आपल्या बोटांत अजून आहेत, असं त्याने उतारवयात लिहून ठेवलंय.

मला स्वतःला फ्रोबेल जरा शिस्तीचा वाटतो. कॅरोलाइन प्रॅट जास्त पटतात. सुतारकाम शिकवणाऱ्या या बाईंनी १९१४ मध्ये न्यूयॉर्कला शाळा काढली आणि ‘युनिट ब्लॉक’ रूढ केला. साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि रुंदीच्या निम्मा जाड. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी, आणि बाकीचे ठोकळे याच मापाचे अर्धे, दुप्पट किंवा चौपट. मूल भिंत पुरी करायला एक ठोकळा शोधतं, तो सापडत नाही, मग दोन अर्धे लावतं. अपूर्णांक हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी तो हाताखालून गेलेला असतो. प्रॅटबाईंनी या मापांचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे आज कुणीही सुतार किंवा कारखानदार ते बनवू शकतो, आणि ठोकळे घेताना नाव बघायचं कारण उरत नाही. माप बघायचं. दोन ठोकळे एकावर एक आडवे ठेवले की त्यांची उंची कडेवर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याइतकी बरोबर भरली पाहिजे. ती भरली नाही तर तो संच दिसायला कितीही देखणा असो, सोडून द्या.

ठोकळ्यांबद्दल पालकांची निराशा बहुधा पहिल्याच आठवड्यात होते, कारण मूल काही बांधतच नाही. न्यूयॉर्कमधल्याच हॅरिएट जॉन्सन यांनी मुलांचं निरीक्षण करून १९३३ मध्ये या खेळाचे टप्पे मांडले. सुरुवातीला मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे नेतं. मग रांग किंवा मनोरा. मग दोन ठोकळ्यांवर आडवा तिसरा, म्हणजे पूल. हा पूल मोठा टप्पा आहे, कारण आता मुलाला दोन खांबांमधलं अंतर आधी मनात मोजावं लागतं. त्यानंतर चारी बाजूंनी बंद अंगण, मग डावी-उजवी सारखी नक्षी, आणि बऱ्याच उशिरा ‘हा दवाखाना’, ‘हे स्टेशन’ असं नाव देऊन त्याभोवती रचलेला खेळ. तेव्हा दीड वर्षाचं पोर नुसतं टोपलीतून काढून पुन्हा टोपलीत भरत असेल, तर तो खेळच चाललेला असतो.

ठोकळ्यांत जोड नसल्यामुळे चूक लपत नाही. पाया तिरपा असेल तर मनोरा पडतो, आणि पुन्हा उभा करायला मिनिट लागतं. पडणं इतकं स्वस्त असल्यामुळे मुलं मुद्दाम पाडतात आणि खदखदून हसतात. तोटेही इथूनच येतात. केलेलं उचलून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, उद्यासाठी ठेवता येत नाही, जागा खूप लागते. संख्याही लागते. वीस ठोकळ्यांत एक भिंत आणि एक पूल झाला की ठोकळे संपतात. छोटा आकर्षक डबा ही ठोकळ्यांतली सगळ्यात वाईट खरेदी.

(जाता जाता: जर्मनीतच १८८० च्या सुमारास वाळू, खडू आणि जवसाच्या तेलाचे दगडासारखे ठोकळे आले. ते ऑटो आणि गुस्ताव लिलिएंथाल या भावांचं डोकं. ऑटो पुढे ग्लायडर घेऊन हवेत तरंगला आणि १८९६ मध्ये त्यातूनच पडून गेला.)

वयाने दुसरं मेकॅनो. लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी हा मांस आयात करणाऱ्या एका पेढीत कारकून. मुलांसाठी घरी पत्र्याची खेळणी करताना प्रत्येक नव्या खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागायचे. त्यावर त्याला सुचलेली युक्ती आजही सुंदर वाटते: सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद आणि भोकं अर्ध्या अर्ध्या इंचावर. मग कोणतीही पट्टी कुठेही बसते, आणि आजच्या क्रेनचे भाग उद्याच्या पुलाला चालतात. पेटंट १९०१ चं, मेकॅनो हे नाव १९०७ पासूनचं. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र उभारलं, आणि ते शोभेला ठेवलं नाही, अणूंविषयीच्या गणितासाठी वापरलं. खेळण्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

आवळण्याच्या जोडातून जे समजतं ते दुसऱ्या दोघांत समजत नाही. एका बोल्टवर धरलेली पट्टी फिरते. तीच दोन बोल्टवर धरली की घट्ट बसते. चार पट्ट्यांचा चौकोन कितीही आवळा, ढकलला की तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण हलत नाही. चौकोनाला एक कर्ण लावला की तोही शहाण्यासारखा उभा राहतो. माझ्या पहिल्या क्रेनचा हात डावीकडे लोळायचा आणि मी प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळत बसायचो. एका तिरक्या पट्टीचं काम होतं. ते कळायला दोन दिवस लागले, पण त्यानंतर रस्त्यावरचा एकही लोखंडी पूल मी नुसता पाहिलेला नाही. शिवाय इथे आस, कप्पी, दातेरी चाकं खरोखरची असतात. लहान चाक मोठ्याला फिरवतं तेव्हा वेग कमी होऊन जोर वाढतो, हे बोटांना कळतं.

पण मेकॅनो हट्टी खेळणं आहे. वेळ मागतं. तासाभरात दाखवण्यासारखं काही होत नाही. नट पडतो, गादीखाली जातो. आणि मोडणं हे बांधण्याइतकंच कंटाळवाणं असल्यामुळे पुष्कळ घरांत पहिलं मॉडेल हेच शेवटचं ठरतं. आठ-नऊच्या आधी देण्यात मला अर्थ वाटत नाही, आणि त्यानंतरही सुरुवातीला शेजारी बसणारं मोठं माणूस लागतं. घरात तसं कुणी नसेल तर मेकॅनोचा विचार बाजूला ठेवलेला बरा.

आता धाकटं, आणि सगळ्यांत यशस्वी. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. लेगो हे नाव १९३४ चं, ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून जुळवलेलं. प्लास्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या, आणि त्यांची मूळ कल्पना ब्रिटनच्या हिलरी पेज याच्या विटांवरून घेतलेली होती. पण त्या आतून पोकळ असल्यामुळे धरत नव्हत्या. खरा लेगो जन्मला २८ जानेवारी १९५८ ला, मुलगा गॉटफ्रेडने आत नळ्या असलेल्या विटेचं पेटंट मागितलं त्या दिवशी. वरची गोल बटणं खालच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये चिमटीत सापडतात आणि तो ओळखीचा ‘टक्’ होतो. पुढे १९६३ पासून एबीएस हे टिकाऊ प्लास्टिक आलं. साचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांपर्यंत अचूक ठेवल्यामुळे १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते.

या जोडाने लेगोत गुरुत्वाकर्षणाला जवळपास रजा दिली. छज्जा हवेत काढा, विमान उलटं धरा, घर उचलून आजीला दाखवायला न्या. दोन बाय चार बटणांच्या सहा सारख्या विटा किती प्रकारे जोडता येतील याचा आकडा कंपनी पूर्वी १० कोटी २९ लाख ८१ हजार ५०० सांगायची. तो फक्त सहा मजली मनोऱ्यांचा निघाला. गणितज्ञांनी संगणकावर सगळ्या रचना मोजल्या तेव्हा उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा विटांत!

म्हणून मला चित्रबरहुकूम संचांचं वाईट वाटतं. पुस्तिकेची पानं उलटत दोन तासांत यान तयार, मग ते काचेच्या कपाटात, आणि हात लावायचा नाही. ९१ कोटींतली एकच रचना विकत घेतल्यासारखं झालं. पुस्तिका वाईट नाही. पाहून करायची सवय आणि चिकाटी त्यातून येते. पण पहिली खरेदी सुट्या, मिसळ विटांची करा. संच नंतर येतीलच, कारण वाढदिवसाला ते पाहुणेच आणतात. आणखी एक गोष्ट खिशाला बरी: विटेच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे, आणि वीट हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्यामुळे जुळणाऱ्या इतर विटा घेणं हा काही चोरीचा मामला नाही. फक्त घेण्यापूर्वी चार विटा जोडून, ओढून बघा. ढिल्या विटांनी वैतागलेलं मूल लेगोलाच नावं ठेवतं.

तर घ्यायचं काय? तीनच्या आतल्या मुलाला ठोकळे, यात मी वाद घालणार नाही. कुणाला लेगोच हवं असेल तर १९६९ मध्ये आलेलं डुप्लो आहे: लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट, आणि पुढे साध्या विटा त्यावर बसतात, म्हणून पैसा वाया जात नाही. घरात दोन भावंडं वेगवेगळ्या वयांची असतील तरी ठोकळेच, कारण तीन वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल एकाच ढिगातून आपापलं काही बांधू शकतं. चार ते आठ हा लेगोचा हक्काचा काळ. मुलाला केलेलं जपून ठेवायला आवडत असेल, मोडलं की डोळे भरत असतील, तर ठोकळ्यांपेक्षा लेगो दयाळू आहे. आणि जे मूल घड्याळ उघडतं, सायकलची साखळी चढवायला स्वतः बसतं, विजेरीचे स्क्रू सैल करून ठेवतं, त्याला लेगो दिलं तर ते आनंदाने खेळेल, पण मेकॅनो दिलं तर जेवायला हाक मारावी लागेल.

मेकॅनो जुनं, वापरलेलं मिळत असेल तर नव्यापेक्षा मी तेच उचलेन. पट्ट्या थोड्या वाकल्या असल्या तर हाताने सरळ होतात, रंग उडाला तरी चालतो. बोल्टचे आटे मात्र एकेक करून तपासा. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. जिथे अडतो तो बोल्ट तिथल्या तिथे बाजूला काढा, नाहीतर तो परत डब्यात पडतो आणि नेमका संध्याकाळी, क्रेनचा शेवटचा सांधा उरलेला असताना, हाताला लागतो.