लेझरचे पैसे, प्लाझ्माचा माल: गाडीचे ब्रॅकेट कापून घेणाऱ्यांसाठी

मासळी वाहणाऱ्या पिकअपची चासी किती टिकणार हे बर्फावर ठरतं. क्रेटमधलं खारं पाणी हौद्याच्या फटीतून रोज खाली गळतं, मालवण-देवगड पट्ट्यातली हवा मुळातच खारी, त्यात चार महिने पाऊस. हौदा चासीला धरून ठेवणारे ब्रॅकेट सगळ्यात आधी कुजतात. माझा हौदा बाहेरून बांधून घेतलेला, त्यामुळे कंपनीचे ब्रॅकेट त्याला बसत नाहीत. ६ मिमी माइल्ड स्टीलच्या (एमएस, म्हणजे साधं पोलाद) प्लेटमधून नवा संच कापून घ्यायचा होता, आणि तिथेच मला गंडवलं.

माणूस घाटावरचा, जॉबवर्क करणारा. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर मागवलं, दर सांगितला फायबर लेझरचा, म्हणजे प्रकाशाच्या बारीक किरणाने कापायचा. नमुना म्हणून एक ब्रॅकेट पार्सलने पाठवला. कड काटकोनात, कापलेली बाजू चकचकीत, भोकातून बोल्ट अलगद आरपार. तो नमुना खरोखर लेझरचाच होता, हे आजही सांगतो. ॲडव्हान्स दिला. बाकीचा माल आला तो काळं पावडर कोटिंग करूनच. "कोटिंग माझ्याकडून फुकट, शेठ. तुमच्याकडे हवा खारी ना!" सगळी मेख त्या फुकटात होती.

आमच्या गॅरेजमधल्या आबांनी पहिलाच ब्रॅकेट उचलला आणि बोल्ट घातला. अर्ध्यावर अडकला. उलट्या बाजूने तर तोंडही धरेना. आबांनी ग्राइंडर मारून एका कडेचा रंग काढला, भोकात टॉर्च मारली आणि म्हणाले, "ही लेझरची न्हय रे. तुका कोणीतरी गंडवल्यान."

माल प्लाझ्माने, म्हणजे विजेने तापवलेल्या गॅसच्या झोताने, कापलेला होता. कळलं कसं, ते सांगतो, कारण हेच तुम्हाला उपयोगी पडेल. बाहेरची कड ग्राइंडरने घासून कोणीही गुळगुळीत करील आणि वर रंग मारील. १२ मिमी बोल्टच्या भोकाच्या आत मात्र ग्राइंडरचा दगड जात नाही. प्लाझ्माचा झोत लेझरच्या किरणापेक्षा बराच जाड असतो आणि खाली जाताना आकार बदलतो. त्यामुळे भोक वर मोठं, खाली लहान होतं, आणि झोताने कापायला जिथून सुरुवात केली तिथे छोटी खाच राहते. माझ्या प्रत्येक भोकात ती खाच होती. भोक रीमरने मोठं करू म्हटलं तर तेही जड गेलं. हवा वापरून प्लाझ्माने कापलं की हवेतला नायट्रोजन कडेच्या धातूत शिरतो आणि कड कडक होते. ड्रिल तिथे करकरतं. वेल्डिंग करायला जाल तर त्याच कडेमुळे वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात.

दुसरी चोरी जाडीची. पोलादाची १ चौरस मीटर प्लेट दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरते. २०० बाय १५० मिमीचा तुकडा ६ मिमीत साधारण १.४ किलो व्हायला हवा. माझे १.२ च्या आतच भरले. व्हर्नियरने मोजली तर जाडी कोटिंगसकट ५ मिमीच्या आसपास. एखाद्या दशांशाचा फरक प्लेट बनतानाच पडतो, त्यावरून भांडू नका, पण अख्खा मिलिमीटर आपोआप नाहीसा होत नाही. बाजारातल्या मासळीच्या काट्यावर पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे ही.

फोन केला तर गडी निवांत. "सीएनसीवरच कापलंय ना, शेठ? बिल बघा." बिलावर खरंच 'सीएनसी कटिंग' एवढंच. आता सीएनसी म्हणजे टेबलावरचं हेड कॉम्प्युटर फिरवतो, बस. त्या हेडला प्लाझ्मा लावा, गॅसची टॉर्च लावा, लेझर लावा, बिल खोटं ठरत नाही. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचा 'फायबर लेझर' लिहिलेला दर होता म्हणून बरं.

प्लाझ्माला मी नावं ठेवत नाही. जाड प्लेट, वेल्डिंग करून झाकली जाणारी कड, रफ काम, तिथे तो स्वस्त आणि पुरेसा. हुकाखालची २० मिमी प्लेट हवी असेल तर नाक्यावरच्या गॅस कटरवाल्याकडून काढून घ्या, फक्त त्याला स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम देऊ नका, त्याच्याने ते कापलं जात नाही. वॉटरजेटमध्ये गारनेटची वाळू मिसळलेलं पाणी ४००० बारच्या आसपासच्या दाबाने येतं. धातू तापत नाही, म्हणून पाणी दिलेल्या पोलादाला किंवा टेंपर केलेल्या ॲल्युमिनियमला ते उत्तम. साध्या एमएस ब्रॅकेटसाठी कोणी वॉटरजेट गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. याच माणसाने मलाही आधी तेच सुचवलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर मात्र एक प्रश्न लेझरवाल्यालाही विचारलाच पाहिजे: कापताना किरणासोबत फुंकतात तो गॅस कुठला? नायट्रोजनने कापलं तर कड उघडी, चमकदार येते; महाग पडतं. ऑक्सिजनने कापलेल्या एमएसच्या कडेवर ऑक्साइडची करडी-काळी पापडी बसते. तिच्यावर रंग किंवा पावडर कोटिंग केलं तर पापडीसकट सुटतं आणि गंज कडेवरून आत सरकतो. ऑक्सिजनचं घेऊ नका असं नाही, मीही तेच घेतलं. पण कड घासून पापडी काढल्याशिवाय कोटिंग नको. गॅल्वनाइझ करणार असाल तरी हेच, नाहीतर कडेवर जस्त नीट धरत नाही. म्हणून माल नेहमी कच्चा, बिनरंगाचा मागवा. रंग नंतर गावात होतो. आणि पक्क्या बिलावर पद्धत, गॅस, स्टीलचा ग्रेड आणि जाडी लिहून घ्या. लेझरवाला खरा असेल तर त्याला हे लिहायला जड जात नाही.

दुसरा संच मी एमआयडीसीत मशीनसमोर उभा राहून कापून घेतला. पहिल्याचे पैसे अजून अडकलेले आहेत. त्याने "अर्धे घ्या आणि मिटवा" म्हटलं, मी नाही म्हटलं.

तक्रार करणाऱ्यांसाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला बसतो. एका गाडीचा मालक-चालक त्यात येतो. विकणारा घाटावरचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. आणि खराब ब्रॅकेट रागाने भंगारात घालू नका. माल तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तेव्हा खरा नमुना आणि खोटा माल दोन्ही तुमच्याकडे लागतात. नमुन्यावरचं पार्सलचं लेबलही काढू नका.