डेव्हिड जेसन: आधी डेल बॉय की आधी फ्रॉस्ट?

ब्रिटिश अभिनेता डेव्हिड जेसनची टीव्हीवरची खरी झेप कळायची असेल तर 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' (बीबीसी, 1981 पासून) आणि 'अ टच ऑफ फ्रॉस्ट' (आयटीव्ही, 1992 ते 2010) या दोन्ही मालिका बघायलाच हव्यात. प्रश्न फक्त क्रमाचा.

'ओन्ली फूल्स'मधला, लंडनच्या पेकहॅम भागातला फेरीवाला डेल बॉय ही बोलण्याच्या वेगावर उभी असलेली भूमिका आहे. स्टुडिओत समोर प्रेक्षक बसलेले, त्यामुळे हशा ओसरेपर्यंत थांबून पुढचं वाक्य टाकावं लागतं. 1989च्या भागातलं बारमधलं पडणं नीट बघा. काउंटरची फळी उचललेली आहे हे डेलला ठाऊक नाही, म्हणून जेसन मान वळवत नाही, हात टेकत नाही, ताठ आडवा कोसळतो. सावरायचा जरासा प्रयत्न केला असता तर सगळा विनोद गेला असता. लंडनची बोली सुरुवातीला कानावरून जाते, तेव्हा सबटायटल्स लावाच. पहिले पाच सीझन अर्ध्या-अर्ध्या तासाचे आहेत, सहाव्यापासून भाग सुमारे 50 मिनिटांचे होतात आणि माणसं जास्त खुलतात.

पोलीस डिटेक्टिव्ह फ्रॉस्टला हशाचा आधार नाही. पहिल्याच भागात बायको मरणपंथाला लागलेली, टेबलावर कागदांचा ढीग, वरिष्ठ मुलेटशी कायमची खडाखडी. जेसन इथे वाक्याऐवजी शांतता वापरतो. भाग मात्र सिनेमाएवढे लांब, त्यामुळे सलग बघू नका.

आमचं मत: आधी डेल बॉय. तो पाहिल्यावरच फ्रॉस्टचं गप्प राहणं जाणवतं.