पोर्टेबल एसीचा पाइप काढायचा कुठून? गोव्यातल्या खोल्यांसाठी पर्यायांची तुलना

पोर्टेबल एसीच्या खोक्यात खिडकीसाठी जी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती सरकत्या खिडकीचा विचार करून बनवलेली असते. म्हापसा-मडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये ती कशीबशी बसते. डिचोली-पेडण्याकडच्या चिरेबंदी घरात मात्र दोन झापांचं लाकडी जनेल, म्हणजे खिडकी, आणि त्याला गज असतात. फोंड्यात भाड्याने घेतलेल्या खोलीला एक दार आणि वर झरोका एवढंच असतं. जुन्या घरातल्या मधल्या खोलीला तर बाहेरची भिंतच नसते. अशा खोलीसाठी एसीचं मॉडेल निवडण्याआधी सहा इंचाचं भोक कुठे मिळतंय ते बघावं लागतं, आणि त्या भोकातून गेलेल्या हवेच्या जागी कुठली हवा आत येणार, तेही.

त्यासाठी एक हिशेब मांडू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. एक होज (गरम हवा बाहेर नेणारा पाइप) असलेला एसी आपलं कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारी जाळी, गार करायला खोलीतलीच हवा वापरतो आणि तासाला साधारण ३०० ते ४०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. म्हणजे तासाभरात खोलीभर हवा दहा वेळा बाहेर गेली. तेवढीच हवा दाराखालून, खिडकीच्या फटींतून, कौलांमधून आत ओढली जाते. मे महिन्यात बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरा, आणि आत तुम्हाला २६ अंश, ५५ टक्के हवं आहे. ३५० घनमीटर हवेबरोबर तासाला साडेतीन ते चार लिटर पाणी वाफ होऊन आत येतं. ते पाणी काढायला आणि ती हवा गार करायला मिळून तीन किलोवॅटच्या वर कूलिंग लागतं. एक टन एसीची क्षमता साडेतीन किलोवॅट! मग यंत्र २६ अंशांपर्यंत पोचतच नाही. खोली दोनेक अंश वर अडकते आणि अंथरूण दमट लागत राहतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवा जास्त तापलेली असली तरी कोरडी असते, त्यामुळे ही पाण्याची भानगड तिथे जवळजवळ नसते. नागपूरकराने ‘मस्त चालतो’ लिहिलं असेल तर ते खोटं नव्हे, पण ते काणकोणला लागू नाही.

भिंत तुमची असेल तर

भिंतीला भोक पाडायची मुभा असेल तर पोर्टेबलचा विचार बहुतेक वेळा सोडून द्यावा. पोर्टेबलला सहा इंचाचं भोक लागतं, स्प्लिटला अडीच ते तीन इंचाचं पुरतं. त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा ड्रेन पाइप जातो. कंप्रेसर बाहेर राहतो, खोलीतली हवा खोलीतच फिरते, वरचा चार लिटरचा हिशेब उद्भवतच नाही. ‘खिडकी नाही म्हणून पोर्टेबल’ हा तर्क इथे उलटा पडतो, कारण स्प्लिटला खिडकी लागतच नाही. विंडो एसीला साधारण सव्वादोन फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी चौकट लागते. आधीच तशी चौकट असेल तरच तो घ्यावा. दीड फुटाच्या चिऱ्याच्या भिंतीत तेवढं खिंडार पाडून वर लिंटेल घालणं एका एसीसाठी परवडत नाही.

पोर्टेबल उरतो तो तीन प्रसंगी. घरमालक ड्रिल लावू देत नाही. वर्ष-दोन वर्षांत खोली सोडायची आहे. किंवा पणजीच्या फोंताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रातलं घर आहे आणि दर्शनी भिंतीवर आउटडोअर युनिट लटकवता येत नाही.

झरोका किंवा एक्झॉस्ट फॅनचं भोक

भाड्याच्या खोलीसाठी सगळ्यात चांगली जागा हीच. भोक आधीपासून असतं, खोली सोडताना पंखा परत बसवता येतो, आणि गजांशी झटापट नसते. अडचण उंचीची. झरोका जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर, आणि होज जेमतेम दीड मीटरचा. एसीचं मागचं तोंड अडीच फुटांवर धरलं तरी होज पुरता ताणावा लागतो. जोड देऊन तो लांबवण्यापेक्षा एसी फूटभर उंच लोखंडी स्टँडवर चढवा. यंत्र ३० किलोच्या आसपास असतं आणि चालताना थरथरतं, म्हणून चाकं लॉक करून पुढे-मागे पट्टी ठोका. प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवू नका. या उंचीचा आणखी एक फायदा पुढे पाण्याच्या वेळी कळेल.

झाकणासाठी साइनबोर्डवाल्याकडून ४ मिमी एसीपी शीटचा (दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या शीटचा) तुकडा घ्या. त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. चौकट वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, कारण जुन्या चौकटी काटकोनात नसतात. सगळ्यात लहान मापातून ३ मिमी कमी करून शीट कापा. भोक होजच्या टोकाच्या प्लास्टिक कड्याचं (फ्लँजचं) माप घेऊन पाडा, नुसतं ‘सहा इंच’ धरून नको. कडेला १० मिमी फोम टेप, फ्लँजभोवती सिलिकॉन, आणि शीट धरायला चार एल-क्लॅम्प. काचेच्या पट्ट्यांचा झरोका असेल तर हव्या तेवढ्या पट्ट्या काढून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, सोडताना मालक त्याच मागतो. थर्माकोल वापरू नका, गरम होजजवळ तो मऊ पडतो आणि आगीला निमंत्रण देतो. पुठ्ठा पहिल्या सरीला लोंबतो.

एक्झॉस्ट फॅनच्या मागे पत्र्याच्या पडणाऱ्या पट्ट्या असतील तर त्या काढा. पंख्याच्या जोराने त्या उघडतात, एसीच्या ब्लोअरने अर्ध्याच उघडतात, आणि गरम हवा मागे दबून कंप्रेसर वारंवार ट्रिप होतो. त्याऐवजी ६ मिमी भोकांची जाळी लावा. डासांची बारीक जाळी नको, तिच्यावर महिन्याभरात धुळीचा पापुद्रा बसतो.

फ्लॅटमधला झरोका बऱ्याचदा बाथरूमच्या डक्टमध्ये उघडतो. तिथे गरम हवा सोडली तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये ती शिरणार आणि सोसायटीची चिठ्ठी येणार. डक्ट वरून उघडा आणि ऐसपैस असेल तरच तो मार्ग घ्या.

झापांची खिडकी आणि बाल्कनीचं सरकतं दार

झापांच्या खिडकीसाठी झिपवालं कापडी सील मिळतं. ते वेल्क्रोने चौकटीला चिकटतं आणि मधून होजचं तोंड बाहेर काढतात. स्वस्त आहे, दहा मिनिटांत लागतं. पण गोव्यात त्याची दोन दुखणी आहेत. दमट हवेत वेल्क्रोचा गोंद लाकडी, तेलरंगाच्या चौकटीवरून सुटतो. आणि एकहोजी एसी आतून ओढ घेत असल्याने कापड आत फुगतं आणि शिवणीतून हवा झिरपते. मार्च ते मे एवढ्यापुरतं ठीक. शिवाय झाप उघडा ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरून गज असलेल्या खिडकीलाच हे करावं. खालच्या अर्ध्या भागात १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा बसवला तर तो दोन-तीन वर्षं टिकतो. साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. शिंपल्यांची जुनी जनेलं असतील तर त्यांना हात लावू नका. एक पान निघालं तर तसं बसवून देणारा कारागीर शोधत फिरावं लागतं.

बाल्कनीच्या सरकत्या दाराला खोक्यातली पट्टी उंचीला पुरत नाही. सात फूट उंच आणि दहा इंच रुंद एसीपीची पट्टी करा, दार तिला भिडवून खालच्या ट्रॅकमध्ये लाकडी पट्टी टाका म्हणजे बाहेरून सरकणार नाही. इथे हमखास विसरली जाणारी गळती म्हणजे दोन काचांमधली उभी फट. दार अर्धवट उघडं असलं की आतली आणि बाहेरची शटर एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर जागा राहते. पट्टी कितीही नेटकी लावा, तिथून हवा आत वाहत असते. जाड फोमचा लांब तुकडा त्यात दाबून बसवा. उदबत्ती धरून बघा, धूर आत वाकला की फट सापडली.

ज्या खोलीला बाहेरची बाजूच नाही

मधल्या खोलीतून होज शेजारच्या खोलीत किंवा बाथरूममध्ये सोडतात, तेव्हा उष्णता घरातच राहते. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन असेल तर चालू शकतं, पण फॅनच्या खोक्यावर लिहिलेली हवा (घनमीटर प्रति तास) एसीच्या फेकीपेक्षा जास्त हवी. सहा इंची प्लास्टिक फॅन सहसा पुरत नाही, आठ इंची पाहावा.

आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हा मार्ग बंदच. कुठेही होज काढलात तरी, त्याच फ्लॅटमध्ये गॅस गिझर चालू असताना एकहोजी एसी लावू नका. एसी घरातली हवा ओढून बाहेर टाकतो, घरात दाब कमी होतो, आणि गिझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी आत खेचला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. याच ओढीने वापरात नसलेल्या मोरीचा ट्रॅप (वास अडवणारं पाणी धरून ठेवणारा खालचा वाकडा पाइप) सुकलेला असेल तर गटाराचा वास खोलीत येतो. एसी घेतल्यापासून घाण वास येतो, अशी तक्रार असेल तर आधी मोरीत तांब्याभर पाणी ओता.

माळ्यात, म्हणजे कौलं आणि तक्तपोशी (खालचं फळ्यांचं छत) यांच्यामध्ये, गरम हवा सोडण्याचा सल्ला सुताराकडून हमखास मिळतो. तो मानू नका. दुपारी तो माळा आधीच भट्टी झालेला असतो, आणि तीच हवा फटींतून खाली परत येते. तक्तपोशीच नसेल, वर थेट मंगळुरी कौलं असतील, तर कोणताही एसी लावण्याआधी तक्तपोशी करा. उघड्या कौलाखाली एकहोजी एसी म्हणजे कौलाखालची तापलेली हवा दिवसभर आत ओढणारं यंत्र.

एक होज की दोन

दोन होजवाल्या यंत्राचा एक होज कंडेन्सरसाठी बाहेरची हवा आत घेतो, दुसरा ती तापवून बाहेर सोडतो. खोलीची हवा खर्च होत नाही. आपल्याकडच्या दमटपणात तोच योग्य, पण दुकानात दिसतात ते बहुतेक एकहोजी. मिळालाच तर झाकणात दोन भोकं फूटभर अंतरावर आणि बाहेर टाकणारं वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा परत पितो. आणि होज नसलेलं, पाणी भरायचं ‘पोर्टेबल एसी’ कोणी दाखवलं तर तो कूलर आहे. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत कूलर हवा सिद्धांतानेसुद्धा २७ अंशांखाली नेऊ शकत नाही, आणि ती हवा चिंब असते.

भिंतीत सहा इंच पाडायचंच असेल तर

स्प्लिटचं आउटडोअर लावायला जागा नाही पण मागच्या भिंतीत भोक चालेल, अशी घरं असतात. कोअर कटिंग, म्हणजे गोल कटरच्या मशीनने भोक, करून घ्या, छिन्नी-हातोड्याने चिरा फुटत जातो. जुनी भिंत दीड फुटाच्या वर असेल तर कटरला एक्स्टेन्शन लागतं, हे आधी सांगून ठेवा. भोकाला बाहेरच्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर उतार हवा. आत १६० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) पीव्हीसी पाइप घालून भोवती सिमेंट भरा. चिरा सच्छिद्र असतो, पाइप न घालता होज तसाच घातला तर पावसाळ्यात भिंत आतून ओली होते. बाहेर त्याच मापाचा एल्बो (काटकोनी वळणाचा तुकडा), तोंड खाली. पश्चिमेकडच्या भिंतीवर झड थेट बसते, म्हणून शक्य तर उत्तर किंवा पूर्व बाजू, नाहीतर छपराच्या वळचणीखाली.

होज, पाणी, वीज

चालू असताना होज हाताला चांगलाच गरम लागतो. दीड मीटरच्या होजमधून हिशेबाने दीडशे वॉटच्या आसपास उष्णता खोलीत परत येते. त्यावर ९ किंवा १३ मिमी नायट्राइल फोम गुंडाळून अ‍ॅल्युमिनियम टेप मारा. होज ताणलेला आणि सरळ ठेवा. चुण्या पडलेला, दोनदा वळलेला होज हवा कोंडतो.

एसी आत साचलेलं पाणी बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेतून उडवून टाकतो, म्हणून ड्रेन नको, असं विक्रेता सांगेल. कोरड्या गावी खरं आहे. इथे जूनमध्ये पहाटे टाकी भरून यंत्र थांबतं. खालच्या ड्रेनला नळी जोडून ती मोरीत सोडा. स्टँडवर ठेवलेल्या एसीला आपोआप उतार मिळतो, जमिनीवरच्या एसीला मिळत नाही.

एक टन यंत्र १२०० ते १४०० वॉट घेतं. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिमी वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्ड नको. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. कंप्रेसर खोलीतच असल्याने आवाजाची सवय करावी लागते, त्याला कुठला होज उपाय नाही.

पावसाळ्यात उकाडा कमी आणि बुरशी जास्त. मॅन्युअल परवानगी देत असेल तर होज काढून यंत्र नुसतं ‘ड्राय’ मोडवर चालवा. खोली किंचित तापते, पण कपाटातले कपडे कोरडे राहतात. भिंतीतल्या पाइपला आणि झाकणातल्या भोकाला तेवढे महिने बूच लावा. उघडं ठेवलं तर आठवडाभरात कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि तिच्या मागून पाल येते.