पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन की थेट फुल? नागपुरातून तयारी करणाऱ्यांसाठी

दहा किलोमीटर सहज जमायला लागले की फुटाळा तलावावर किंवा सिव्हिल लाइन्सला सकाळी भेटणारा माणूस हमखास विचारतो, जानेवारीत हाफ मारू की सरळ फुल? मी आधी हाफ केली आणि वर्षभराने मुंबईची फुल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: हाफ केली नसेल तर यंदा फुलला नाव देऊ नका. हिंमत तुमच्यात असेलच, पण हिशोब रविवारांचा करावा लागतो.

हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर. दहा किलोमीटर जमत असतील तर बारा आठवडे पुरतात. आठवड्यात तीन दिवस थोडं थोडं आणि रविवारी लांब. सगळ्यात लांबचा रविवार १६-१८ किलोमीटरचा. किलोमीटरला सात मिनिटं धरली तरी साडेपाचला निघालेला माणूस आठच्या आत तर्री पोह्यांच्या गाडीवर असतो. बाकीचा दिवस घरच्यांचा.

फुल ४२.१९५ किलोमीटरची. निदान १८ आठवडे हवेत, आणि खरी परीक्षा तारखांची असते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तीनेक आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, ३० ते ३२ किलोमीटरची धाव व्हायला हवी. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या पेसने, म्हणजे वेगाने, ३२ ला चार तास लागतात. मागे मोजत आलात की वीस-बावीसचे रविवार ऑक्टोबरात पडतात. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन आठलाच चटके देतं, त्यामुळे चारला निघावं लागतं. अंधारात कुत्री मागे लागतात, म्हणून एकट्याने नको, चौघं मिळून निघा. त्यानंतर दिवाळी आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. शनिवारी रात्री वरातीत आणि रविवारी पहाटे रस्त्यावर, हे मला एकदाही नीट जमलं नाही. नोकरी, लहान मुलं आणि आठवड्याला एकच सुट्टी असेल, तर हाफच घ्या.

शरीराचा फरक दुपटीपेक्षा मोठा आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, साधारण तीसेक किलोमीटर पुरतं. हाफ त्याच्या आतच संपते, खाण्यात चूक झाली तरी रेटून नेता येते. फुलमध्ये मात्र तीसनंतर पाय अचानक दगड होतात. मुंबईत मला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, नेमका तिथेच लागला. माझ्या ओल्या बोटांना खजुराच्या पुडीचा रबर निघेना. फुटपाथवरच्या एका आजींनी ते पाहिलं आणि संत्र्याची सोललेली फोड सरळ माझ्या तोंडात घातली. नागपूरहून जाऊन मुंबईत संत्र्याने तारलं, ते मी विसरणार नाही. तेव्हा सरावातच दर चाळीस मिनिटांनी काहीतरी खायची सवय लावा. नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. सोबत ओआरएस ठेवा.

हवेचंही तसंच. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंशांची कोरडी थंडी असते, पेस आपोआप चांगला येतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही. नागपूरचा पेस तिथे धरू नका, किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद सोडा. चढासाठी सेमिनरी हिल्स आहेच, पंधरवड्यातून एकदा पुरे.

खर्चात बूट दोन्हींना सारखेच, बोटांपुढे जागा राहील असे. मुंबईला जायचं तर रजा जास्त लागते: बिब (छातीवर लावायचा नंबर) शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आदल्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावं लागतं. दुरांतो सीएसएमटीला उतरवते आणि फुल तिथूनच सुटते, ही मोठी सोय.

थेट फुलला मी एकालाच हो म्हणेन: जो वर्षभर आठवड्याला तीसेक किलोमीटर दुखापतीविना धावतोय आणि ज्याचे रविवार मोकळे आहेत. चाळिशी उलटली असेल किंवा बीपी, शुगर असेल, तर दोन्हींआधी डॉक्टरांकडे जाऊन या.

हाफच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचे तीन मजले जिन्याने चढलो. फुलच्या रात्री दुरांतोतल्या वरच्या बर्थवर चढता येईना, शेजारच्या काकांनी आपली जागा दिली. परतीचं तिकीट काढताना खालचा बर्थ मागा.