दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश: कथा वाचणाऱ्या मुलांसाठी

आमच्या वाचनालयात दर रविवारी अकरावी-बारावीची मुलं जुन्या मराठी कथा वाचायला येतात. बहुतेक इंग्रजी माध्यमातली. त्यांच्यासोबत मी सतत वापरते तो दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश: १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेले सात खंड आणि १९५० ची पुरवणी. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर फुकट खुला केलाय, त्यामुळे मोबाइलवरही बघता येतो.

माझा एकच दंडक: पान वाचून संपेपर्यंत कोश उघडायचा नाही. परवा एका कथेत वाक्य आलं, ‘पोरीला पदर आला आणि आईची झोप उडाली.’ मुलांना साडीचाच पदर दिसला. मग झोप का उडावी? पुढे आई स्थळांची चौकशी करायला लागते, बाप कर्जाचं बोलतो, पोरीचं अंगणात खेळणं बंद होतं. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘तिला पाळी आली ना?’ तेव्हा कोश उघडला. त्याच कथेत बापाच्या ‘पदरी’ तीन मुली होत्या आणि मामाने लग्नासाठी ‘पदरमोड’ केली होती. वयात येणं, आश्रय, पदरचा पैसा हे सगळे अर्थ कोशात सापडतात, पण कुठला अर्थ कुठे चालतो हे मुलांना कथेनेच आधी सांगितलेलं असतं. म्हणून तो त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

या कोशाचं मोठेपण म्हणजे अवतरणं. अर्थापुढे ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकारामांची ओळ, कधी नाटक-कादंबरीतलं वाक्य येतं. नुसत्या प्रतिशब्दांची यादी देणाऱ्या खिशातल्या कोशांना ही सर नाही.

अडचणी आहेत. लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं, त्यामुळे ‘नाव’ हवं असेल तर ‘नांव’ही शोधावं लागतं. ‘ज्ञा’ (ज्ञानेश्वरी), ‘तुगा’ (तुकारामांची गाथा) असे संक्षेप नवख्याला कळत नाहीत; ते पहिल्या दिवशीच समजावून द्यावेत. व्याख्यांची मराठीही जड आहे. तिथे मुलं अडली की मी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शेजारी उघडते. तीही शिकागो विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर फुकट आहे. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही कोश मोबाइलवर खूण करून ठेवावेत.